एकच अल्बम, चार कान : इंडी बँडच्या गाण्यांवर श्रोत्यांचं एकमत का होत नाही?

एखाद्या इंडी बँडचा नवा अल्बम शुक्रवारी येतो आणि रविवार उजाडेपर्यंत श्रोत्यांचे दोन तट पडलेले असतात. एक म्हणतो, यांनी आजवर केलेलं सगळ्यात भारी काम हेच. दुसरा म्हणतो, तिसऱ्या गाण्यालाच झोप आली. कुणी पाच तारे देतो, कुणी एक. सोलापुरात गिटार शिकणारी, कॉलेजच्या गॅदरिंगला बँड उभा करणारी मुलं आता बरीच आहेत. त्यांच्या ग्रुपवर अल्बमची लिंक पडली की हेच होतं. ज्याने अजून काहीच ऐकलेलं नाही तो बिचारा विचारतो, "अरे, नक्की चांगलाय का वाईट?" त्याला सरळ उत्तर कुणीच देत नाही.

बहुतेक वेळा अशा वादात खोटं कुणी बोलत नसतं आणि कुणाला अक्कल कमी असते असंही नाही. चौघांच्या कानांपर्यंत चार वेगळ्या गोष्टी पोचलेल्या असतात, आणि हे मी अगदी शब्दशः म्हणतोय. हे कसं घडतं ते कळलं की लोकांची मतं वाचायची कशी हेही कळतं.

इंडी बँड म्हणजे कोण?

जगातल्या रेकॉर्ड केलेल्या संगीताचा मोठा हिस्सा युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या ३ कंपन्यांच्या हातात आहे. त्यांच्या बाहेर राहून, स्वतःच्या पैशाने किंवा छोट्या स्वतंत्र कंपनीमार्फत गाणी काढणारे ते इंडी. १९७७ साली मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने उसनवारी करून ४ गाण्यांची रेकॉर्ड स्वतःच काढली आणि हे असंही करता येतं हे इतरांना दिसलं. १९८० पासून ब्रिटनमध्ये स्वतंत्र कंपन्यांच्या रेकॉर्डची वेगळी क्रमवारी लागू लागली. आपल्याकडे १९९० मध्ये दिल्लीत सुरू झालेला इंडियन ओशन हा या वाटेवरचा जुना आणि मानाचा बँड.

पुढे या बँडना एक ठरावीक नादही चिकटला : गिटार, बेस (खालच्या, जाड सुरांची गिटार), ड्रम, थोडा कीबोर्ड, पॉपसारखी गुणगुणता येणारी चाल आणि रॉकसारखं अंग. म्हणून इंडी पॉप-रॉक.

मतभेदांच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. अशा बँडचा श्रोता जाहिरात बघून आलेला नसतो. मित्राने ऐकवलं, कुठेतरी सापडलं, मग तो बँड 'आपला' झाला, अशी ती ओळख असते. आपल्या माणसाने अचानक वेगळं वागावं तसा त्याचा नवा अल्बम लागतो. आवडला तर जीव ओवाळून टाकावासा वाटतो, नाही आवडला तर मनाला लागतं. चित्रपटातलं एखादं गाणं नाही आवडलं तर आपण पुढच्यावर जातो, तेवढं अलिप्त इथे राहता येत नाही.

एक खराखुरा नमुना

हवेत बोलण्यापेक्षा एक उदाहरण घेऊ. इंग्लंडमधल्या शेफील्डचा आर्क्टिक मंकीज हा बँड. त्यांची गाणी काढणारी डॉमिनो ही स्वतंत्र कंपनी, म्हणजे व्यवहारानेही इंडी. २०१३ मध्ये त्यांचा 'एएम' आला. जड, ठसठशीत गिटार, सरळ ठेका, एकदा ऐकलं की दिवसभर डोक्यात राहणारे तुकडे. तो अल्बम जगभर गाजला. आपल्याकडच्याही असंख्य मुलांनी गिटारवर पहिला तुकडा वाजवला तो यातला.

मग पाच वर्षं शांतता. दरम्यान गायक अलेक्स टर्नरला तिसाव्या वाढदिवसाला मॅनेजरने एक पियानो भेट दिला आणि तो गिटारऐवजी पियानोवर बसून गाणी रचू लागला. ११ मे २०१८ ला 'ट्रँक्विलिटी बेस हॉटेल अँड कसिनो' आला. चंद्रावर, अपोलो ११ जिथे उतरलं त्या जागी, एक हॉटेल आहे आणि तिथला गवई आपल्याशी बोलतोय अशी कल्पना. ११ गाणी, जेमतेम ४० मिनिटं. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसून सोलापूर स्टेशनवर सुरू केला तर कुर्डुवाडी यायच्या आत संपतो. गिटार मागे गेलेली, पियानो पुढे आलेला, ठेका सैल, आणि शब्दच शब्द. पहिलंच गाणं जवळपास ६ मिनिटांचं, आणि त्यात मुखडा चटकन हाती लागत नाही.

ब्रिटनमधल्या खपाच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर गेला आणि तिथल्या वर्षातल्या उत्तम अल्बमला मिळणाऱ्या मर्क्युरी पुरस्काराच्या त्या वर्षीच्या नामांकनांतही आला. पण चाहत्यांमध्ये उभी फूट पडली. एका बाजूला 'धाडस याला म्हणतात', दुसऱ्या बाजूला 'आमचा बँड परत द्या'.

यात एक बारीक गोष्ट आहे. साधारणपणे अल्बम यायच्या आधी एक-दोन गाणी सुटी सोडतात. या बँडने तसं केलं नाही, सगळा अल्बम एकदम समोर ठेवला. त्याचा परिणाम काय झाला असेल हे समजायला आधी मेंदूकडे जावं लागेल.

मेंदू गाणं ऐकत असतानाच पुढचं ताडतो

गाणं चालू असताना मेंदू नुसता सूर झेलत बसत नाही. पुढे काय येणार याचा तो सतत अंदाज बांधतो. सम कुठे पडणार, मुखडा कधी येणार, सूर वर जाणार की खाली. अंदाज नेमका खरा ठरला की बरं वाटतं. किंचित चुकला आणि तरी शोभला, तर त्याहून जास्त मजा येते. सगळेच अंदाज चुकत गेले की वैताग येतो.

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली हे थेट तपासलं. आवडत्या संगीताने अंगावर काटा येणारी माणसं निवडली आणि ती ऐकत असताना त्यांच्या मेंदूचं निरीक्षण केलं. डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन दोनदा पाझरताना दिसलं : उत्कट जागा आली तेव्हा मेंदूच्या एका भागात, आणि ती येणार-येणार अशी चाहूल लागली तेव्हाच दुसऱ्या भागात. म्हणजे गाण्याचं निम्मं सुख वाट बघण्यात आहे. ज्याला कशाची वाट बघायची हेच ठाऊक नाही, त्याला ते निम्मं सुख मिळणारच नाही.

वर्षानुवर्षं ज्या खानावळीत तुम्ही कडक भाकरी, शेंगाचटणी आणि झणझणीत आमटीसाठी जाता, तिथे एक दिवस मालकाने ताटात साधं वरण, तूप, भात वाढला असं समजा. वरणभात उत्तम शिजलेला असेल. पहिल्यांदाच आलेला गिऱ्हाईक बोटं चाटत उठेल. तुम्ही मात्र अर्धपोटी उठाल, कारण तोंड तिखटासाठी तयार होतं. घरी येऊन तुम्ही सांगाल, 'खानावळ बिघडली.' तुमची निराशा शंभर टक्के खरी आहे, पण ती वरणाबद्दल फारसं काही सांगत नाही.

२०१८ च्या त्या अल्बमच्या बाबतीत हेच घडलं असं मला वाटतं. 'एएम' पाठ असलेले श्रोते गिटारची वाट बघत होते, आणि तोंडाची चव बदलायला आधी एकही सुटं गाणं मिळालं नव्हतं. ज्यांनी बँडचं नावही ऐकलं नव्हतं अशा कित्येकांना तोच अल्बम पहिल्या फटक्यात आवडला.

निम्मा बँड मोबाईलमध्येच राहतो

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ज्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं तो हाच.

बेस गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा सूर साधारण ४१ हर्ट्झचा असतो, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनं. मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरला एवढा खालचा सूर काढताच येत नाही. २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली तो जवळपास मुका असतो. बेस गिटारचे आणि मोठ्या ड्रमचे मूळ सूर याच मुक्या पट्ट्यात पडतात. त्या सुरांच्या वरच्या पट्टीतल्या छटा थोड्याफार ऐकू येतात आणि त्यांवरून मेंदू खालचा सूर मनातल्या मनात भरून काढतो, म्हणून गाणं ओळखू येतं. पण त्याचं वजन येत नाही.

चहाच्या टपरीवर पोरं स्टीलच्या पेल्यात मोबाईल उभा करतात. आवाज मोठा होतो, पण होतो तो मधल्या पट्टीचा : गायकाचा आवाज, झांजेची किणकिण, गिटारची करकर. बेस होता तिथेच, म्हणजे नाहीच. ज्या अल्बमची सगळी चाल बेसच्या खांद्यावर आहे, तो या पेल्यात पोकळ वाटणार. आणि ऐकणारा प्रामाणिकपणे लिहिणार, 'दम नाही.'

आवाज बारीक ठेवून ऐकणाऱ्याचीही हीच गत. आवाज हळू असला की माणसाच्या कानाला खालचे सूर प्रमाणापेक्षा कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ सालीच मोजून दाखवलं होतं. घरचे झोपल्यावर हळू आवाजात ऐकलेला अल्बम आणि दुपारी मोठ्याने ऐकलेला अल्बम, दोन्हींत बेसचं माप एक नसतं.

पूर्व भागात, अशोक चौकाच्या पलीकडे, टॉवेलच्या कारखान्यात काम करणारा एक मित्र आहे. रात्रपाळीला मागांच्या खडखडाटात तो इअरफोन लावून गाणी ऐकतो. त्याच्याशी एकदा अशाच एका शांत, पियानोवाल्या अल्बमवर बोलत होतो. तो म्हणाला, "दादा, मधेमधे गाणं बंदच पडतं." बंद पडत नव्हतं. तिथे फक्त पियानो आणि कुजबुजता आवाज होता, आणि तेवढा भाग मागांनी गिळला होता. सुट्टीच्या दिवशी घरी त्याने तोच अल्बम लावला आणि मला फोन करून सांगितलं की मधे आणखी एक बाई गातेय. ती पार्श्वगायिका पहिल्यापासून होती. कारखान्यात त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

म्हणून 'पोकळ आहे', 'सपाट आहे', 'गोंगाट आहे' असलं मत वाचलं की मला पहिला प्रश्न पडतो, या माणसाने ऐकलं कशावर? दुर्दैवाने हे कुणी लिहीत नाही.

"गायकाचा आवाज दबलाय" ही तक्रार कुठून येते?

आपल्याकडच्या श्रोत्यांची ही नेहमीची तक्रार आहे आणि ती अगदी रास्त आहे. आपण वाढलो ते ज्या गाण्यांवर, त्यांत गायक पुढे आणि वाद्यमेळ मागे. भावगीत, अभंग, लावणी, हिंदी चित्रपटगीत, सगळीकडे तेच. शब्द न् शब्द कळला पाहिजे हा आपला पहिला आग्रह. सोलापुरात तर एका गल्लीत तेलुगू, दुसरीत कन्नड, तिसरीत दखनी आणि मधे मराठी. रेडिओवरची गाणी निराळी, देवळातली भजनं निराळी. पण या सगळ्यांत गळा पुढे ही रीत समान आहे.

वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज कुठला किती मोठा ठेवायचा हे ठरवण्याच्या कामाला मिक्सिंग म्हणतात. इंडी रॉकमध्ये अनेकदा गायकाचा आवाज मुद्दाम गिटारच्या थरात अर्धा बुडवून ठेवतात. तिथे गळा हे आणखी एक वाद्य असतं. भर असतो तो एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छांवर, म्हणजे कॉर्डवर, आणि ते गुच्छ बदलतात कसे त्यावर. आपला कान एका सुरावटीचा माग काढायला तयार झालेला. तो गळ्यामागे जातो, गळा धुक्यात हरवतो, आणि कान रिकाम्या हाती परत येतो.

यावर "तुला इंग्रजी गाणी कळत नाहीत" असं कुणी ऐकवलं तर ते मनावर घेऊ नये. इंग्रजी घरात बोलणाऱ्यांनाही पहिल्या ऐकण्यात त्यातले निम्मे शब्द लागत नाहीत. आणि शब्द न कळता चालीवर, ठेक्यावर, आवाजाच्या पोतावर मत देण्याचा हक्क कुणाचाही आहे. लिहिताना फक्त तसं सांगावं : मी चाल ऐकली, बोल नाही. दोन वेगळ्या बाबतींतली मतं एकाच ताऱ्यात कोंबली की गोंधळ होतो.

मग दर्जा असं काही नसतंच का?

असतो. हे ठामपणे सांगितलं पाहिजे, कारण इथवर वाचून कुणाला वाटेल की सगळंच ज्याचं त्याचं.

काही दोष दाखवून देता येतात. मेटालिका या बड्या रॉक बँडच्या २००८ च्या अल्बमचं उदाहरण प्रसिद्ध आहे. हा बँड इंडी नव्हे, पण मुद्दा लागू पडतो. गाणी बाजारात जाण्यापूर्वी शेवटचा हात फिरवतात त्याला मास्टरिंग म्हणतात. त्यात सगळंच मोठं ऐकू यावं म्हणून हळू आणि जोरकस आवाजातला फरक दाबून टाकला, तर आवाज फाटायला लागतो. ही गाणी एका व्हिडिओ गेममध्येही होती आणि तिथे ती कमी दाबलेली होती. श्रोत्यांनी दोन्ही लावून बघितली, फरक दाखवला, आणि हजारोंनी अल्बम पुन्हा नीट करून द्या अशी मागणी केली. ती निव्वळ आवडनिवड नव्हती, फाटलेला आवाज मोजून दाखवता येत होता.

चाल आणि रचनेच्या दर्जाचं काय? त्यावर माझ्या माहितीतला सगळ्यात सुंदर प्रयोग २००६ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या तिघांनी १४ हजारांहून जास्त लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकायला दिली. काहींना फक्त गाणी दिसत होती, इतर काय करतात ते दिसत नव्हतं. उरलेल्यांना ८ वेगवेगळ्या 'जगां'त वाटलं होतं. आपल्या जगातल्या लोकांनी कुठलं गाणं किती वेळा उतरवून घेतलं हे त्यांना दिसत होतं, बाकीच्या ७ जगांचं काहीच दिसत नव्हतं.

गाणी तीच. पण प्रत्येक जगात गाजलेली गाणी वेगळी निघाली. एकट्याने ऐकणाऱ्यांच्या पसंतीत २६ व्या क्रमांकावर असलेलं एक गाणं एका जगात पहिलं आलं आणि दुसऱ्या जगात ४० वं. सुरुवातीला ज्याला योगायोगाने चार माणसं जास्त मिळाली, त्याच्यामागे गर्दी वाढत गेली.

याचा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. खरोखर उत्तम गाणी क्वचितच तळाला गेली, आणि खरोखर टाकाऊ गाणी क्वचितच वर आली. मधला जो मोठा घोळका होता, त्याचं काहीही होऊ शकत होतं. मला हे फार मोलाचं वाटतं. दर्जा दोन्ही टोकांना स्पष्ट दिसतो. मधे मात्र आपलं मत किती आपलं आणि किती ग्रुपवर पहिला मेसेज टाकणाऱ्याचं, हे सांगणं अवघड आहे. मित्रांनी आधीच 'फ्लॉप' ठरवलेला अल्बम तुम्ही लावता, तेव्हा तुमचा कान कोरा नसतो.

तारे कोण देतं, आणि सरासरी का फसवते?

शंभर जणांनी अल्बम ऐकला तर मत लिहिणारे मोजके. लिहितो कोण? ज्याला प्रचंड आवडला तो, आणि ज्याचा संताप झाला तो. 'ठीक आहे, दोन गाणी बरी आहेत' म्हणणारी बहुसंख्य माणसं गप्प राहतात. वस्तू, पुस्तकं, गाणी, कशाचीही ऑनलाइन मतं पाहा. दोन टोकांना ढीग आणि मधे दरी, हा आकार पुन्हा पुन्हा दिसतो.

त्यामुळे ३ ताऱ्यांच्या दोन अल्बमांत जमीनअस्मानाचा फरक असू शकतो. एकाला सगळ्यांनी ३ दिलेत. त्याने कुणाला दुखावलं नाही, कुणाला हलवलंही नाही. दुसऱ्याला निम्म्यांनी ५ आणि निम्म्यांनी १ दिलाय. सरासरी तीच, पण दुसऱ्यात काहीतरी नक्की घडलंय. मला निवडायचा झाला तर मी डोळे झाकून दुसरा लावीन. चंद्रावरच्या हॉटेलवाल्या त्या अल्बममध्येच एक गाणं आहे, त्यात तिथली खानावळ आपल्याला पाचपैकी चार तारे मिळाल्याची जाहिरात करते. ताऱ्यांचा हा सगळा कारभार बँडला आधीच दिसत होता.

"चार वेळा ऐकलं की काहीही आवडायला लागतं"

हा आक्षेप नेहमी येतो, आणि त्यात तथ्य आहे. रॉबर्ट झायॉन्क या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं की निरर्थक शब्द, अनोळखी चिन्हं किंवा अनोळखी चेहरे पुन्हा पुन्हा समोर आले की माणसाला ते आवडू लागतात. दुसरं काही करावं लागत नाही, नुसता परिचय पुरतो. रेडिओवर सतत वाजणारं गाणं आपण कधी गुणगुणायला लागलो हे कळतही नाही ते यामुळे.

पण याला मर्यादा आहे. डॅनिएल बर्लाइन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये मांडलं की आवड आधी चढते, मग उतरते. गाणं साधं असेल तर ती लवकर चढते आणि लवकर विटते. गुंतागुंतीचं असेल तर उशिरा चढते, पण जास्त टिकते. शिवाय जे पहिल्यापासून मनापासून नकोसं वाटलं, ते वारंवार कानावर आदळून गोड होतंच असं नाही. चिडही वाढते. लग्नसराईत कार्यालयाशेजारी राहणाऱ्यांना हे सांगायला नको.

म्हणून पहिल्या दिवशीची मतं मी सगळ्यात कमी मोलाची धरतो, स्तुतीची असोत वा निंदेची. त्या दिवशी सोप्या अल्बमला जास्त तारे मिळतात आणि अवघड अल्बमला कमी. दोन महिन्यांनी लिहिलेलं एक मत पहिल्या रात्रीच्या पन्नास मतांना भारी असतं.

गाणी ऐकवणाऱ्या ॲपची रचनाही इथे आड येते. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की ते गाणं 'ऐकलं' म्हणून मोजलं जातं. ऐकणाऱ्यालाही तीच सवय लागते : अर्ध्या मिनिटात पकडलं नाही तर पुढे. आणि अल्बममधली गाणी क्रमाने न लावता उलटसुलट लावली की रचणाऱ्याने चढउतार ठरवून मांडलेल्या ४० मिनिटांचा आकारच मोडतो. पूर्वी रेकॉर्डच्या एका बाजूला २० ते २२ मिनिटं मावायची, मधे उठून ती उलटावी लागायची. त्यामुळे कुठलं गाणं बाजूच्या शेवटी ठेवायचं याचा विचार व्हायचा. इंडी बँड अजूनही तो विचार करतात. त्यांच्याबाबत 'दोन गाणी ऐकली, नाही आवडला' हे मत त्या दोन गाण्यांपुरतं धरावं, अल्बमपुरतं नाही.

मग बँडने लोकांचं ऐकायला नको का?

इथे माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. श्रोत्याने पैसे आणि त्याहून मोलाचा वेळ दिलेला असतो. त्याची निराशा हसण्यावारी नेणारे चाहते मला अजिबात आवडत नाहीत. 'तुला समजलंच नाही' हे उत्तर नव्हे. अल्बम खरंच कंटाळवाणा असू शकतो. बँड धाडसाच्या नावाखाली ढिसाळ काम करू शकतो. चाली सुचल्या नाहीत म्हणून नुसता माहोल उभा केला, असंही होतं.

पण लोकांचं ताबडतोब ऐकण्यात काय गमावतं तेही बघा. अमेरिकेच्या वीझर या बँडने १९९६ मध्ये 'पिंकर्टन' काढला. आधीच्या गोडगोजिऱ्या अल्बमनंतर हा खरबरीत, उघडावाघडा, जखम दाखवणारा. 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या समीक्षकाने ३ तारे दिले आणि वाचकांनी त्याला वर्षातल्या सगळ्यात वाईट अल्बमांच्या यादीत बसवलं. बँड खचला. पुढचा अल्बम यायला २००१ उजाडलं, आणि तो पुन्हा गुळगुळीत, सुरक्षित होता. २००४ मध्ये त्याच 'रोलिंग स्टोन'ने 'पिंकर्टन'ला ५ तारे दिले. अल्बम तोच, एक सूरही बदललेला नव्हता. दरम्यान तो ऐकत मोठी झालेली एक पिढी आली होती. बँड मात्र त्या वाटेने पुढे गेला असता तर काय केलं असतं, हे कुणालाच ऐकायला मिळालं नाही.

आर्क्टिक मंकीजनी उलट केलं. चाहते रागावले तरी परत फिरले नाहीत. २०२२ चा त्यांचा अल्बम आणखी संथ, व्हायोलिनच्या ताफ्यासह आला. मला त्यातली सगळी गाणी आवडतात असं नाही, दोन-तीन मला अजूनही रेंगाळलेली वाटतात. तरी त्यांचा निर्णय मला पटतो. ज्यांना २०१३ सारखी गिटार हवी आहे त्यांच्यासाठी २०१३ चा अल्बम जागेवर आहेच.

तर "ऐकू का?" असं कुणी विचारलं तर

त्याला तारे सांगण्यापेक्षा तीन गोष्टी सांगाव्यात : आपण बँडचं आधीचं काय ऐकलं होतं, कशावर ऐकलं, आणि किती वेळा. 'मी त्यांच्या गिटारचा भक्त, मोबाईलवर एकदाच ऐकलं, कंटाळलो.' किंवा, 'बँड नवीनच माझ्यासाठी, हेडफोनवर रात्री तीनदा ऐकलं, शेवटची चार गाणी फार आवडली.' दोन्ही मतं परस्परविरोधी आहेत आणि दोन्ही उपयोगी आहेत, कारण विचारणाऱ्याला आपण कुणाच्या जवळचे आहोत हे लगेच कळतं.

आपल्या गावातल्या बँडच्या बाबतीत तर हे फारच जपायला हवं. इथली मुलं खोलीत गाद्या लावून रेकॉर्डिंग करतात, खिशातले पैसे घालून तीन-चार गाणी काढतात. त्यांच्या गाण्याखाली 'भारी भावा' आणि 'बकवास' एवढंच लिहिलेलं असतं. दोन्हींतून त्यांच्या हाती काही लागत नाही. 'दुसऱ्या गाण्यात ड्रमच्या खाली बोल ऐकू येत नाहीत' असं एक वाक्य लिहा. पुढच्या रेकॉर्डिंगला ते ड्रम खाली घेतील.